नुकतेच वाचलेले दोन ग्रंथ

इतिहास केवळ दरबारी दफ्तरांतून आणि सेनापतींच्या खलित्यांतूनच उमगतो असे ज्यांस वाटते, त्यांनी वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा, भारताचार्य चिंतामणराव वैद्यांनी 1907 साली प्रसिद्ध केलेला, ‘माझा प्रवास’ अवश्य वाचावा. घरचे कर्ज फिटावे म्हणून दक्षिणेच्या आशेने उत्तरेस निघालेला हा भिक्षुक 1857 च्या धामधुमीत सापडतो, झांशीच्या वेढ्यात तोफगोळ्यांचा वर्षाव पाहतो, वाटेत लुटला जातो, आणि तरीही आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन स्वगृही परततो. पक्वान्नांचे वर्णन आणि कत्तलीची हकीकत एकाच निर्विकार सुरात सांगण्याची त्याची हातोटी मला तरी कित्येक कादंबऱ्यांहून सरस वाटते. वैद्यांनी मूळ मजकुरावर चालविलेली कात्री तेवढी खटकते.

कादंबरीच हवी असेल, तर व्यंकटेश माडगूळकरांची 1955 मधील ‘बनगरवाडी’ घ्यावी. औंध संस्थानातील धनगरवस्तीवर नेमणूक झालेला कोवळा मास्तर तेथे शाळेपेक्षा तंट्यांचीच अधिक दखल घेतो, गावाकरवी तालीम उभारतो, आणि अखेरीस दुष्काळाने ओस पडत चाललेली वाडी पाहतो. तालमीच्या समारंभाला राजेसाहेब येतात तो प्रसंग किंचित लांबला आहे; वाडीच्या कारभाऱ्याचे व्यक्तिचित्र मात्र अव्वल दर्जाचे.