मुक्त लेखक आणि त्याचे क्षेत्र
(चेरीताल, जबलपूर येथील व्याख्यान)



चेरीतालच्या रहिवाशांना या नावामागील दंतकथा ठाऊक असेलच. राणी दुर्गावतीने राणीताल खोदविला, तिचा मंत्री आधारसिंह याने आधारताल, आणि तिच्या दासीने, म्हणजे चेरीने, हा चेरीताल. इतिहास तिला कितपत दुजोरा देईल, हा प्रश्न येथे बाजूस ठेवू. ज्याच्यापाशी राज्य नाही, खजिना नाही, त्यानेही आपले एक तळे खणावे, ही कल्पना लेखणीवर पोट भरू पाहणाऱ्या माणसाला मोह घालील अशीच आहे. त्याच्यापुढे प्रश्न एवढाच असतो, की खणायचे कोठे?

नवशिक्या लेखकास नेहमी दिला जाणारा सल्ला असा, की एक विषय धरावा. शेती, आरोग्य, कायदा, चित्रपट, काहीही. परंतु तो विषय निघाला की संपादकाला आपलेच नाव आठवले पाहिजे. या सल्ल्यात तथ्य आहे. संपादकापाशी वेळ थोडा असतो आणि सर्व विषयांवर लिहिणारा माणूस त्याला कोणत्याच विषयासाठी आठवत नाही. तथापि विषय आधी ठरतो आणि मग लेखक त्यात उतरतो, हे गृहीतक मात्र तपासून पाहण्याजोगे आहे. त्याकरिता फार दूर जावयास नको. याच शहराने एक उदाहरण घालून दिले आहे.

हरिशंकर परसाई यांचा जन्म 1924 साली होशंगाबाद जिल्ह्यातील जमानी या गावी झाला. आई प्लेगमध्ये गेली आणि घराचा भार लहान वयातच अंगावर पडला. अठराव्या वर्षी त्यांनी जंगल खात्यात नोकरी धरली, पुढे जबलपुरात अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले आणि 1943 पासून ते शाळेत शिकवू लागले. 1952 साली त्यांनी सरकारी नोकरी सोडली, काही वर्षे खाजगी शाळांत काढली आणि 1957 मध्ये तीही नोकरी सोडून केवळ लेखनावर जगण्याचे ठरविले. या तपशिलातील लक्षात घेण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. जबलपूरच्या ‘प्रहरी’ साप्ताहिकात ते 1947 च्या सुमारासच लिहू लागले होते. म्हणजे नोकरी सोडण्यापूर्वी सुमारे दहा वर्षे, पगार हाती येत असताना, आपली लेखणी कोणीकडे वळते हे त्यांनी पाहून घेतले होते. 1957 साली त्यांनी क्षेत्र निवडले, असे म्हणणे म्हणूनच बरोबर होणार नाही. त्या वर्षी त्यांनी फक्त पगार सोडला.

त्यांचे क्षेत्र ‘व्यंग्य’ हे होते. मराठीत ‘व्यंग’ म्हणजे उणीव, आणि हिंदीत ‘व्यंग्य’ म्हणजे ती उणीव दाखविणारा उपहास. दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्यांना ही गंमत सहज कळावी. पण व्यंग्य हा काही शेती किंवा कायद्यासारखा विषय नव्हे. परसाई तर त्याला स्वतंत्र साहित्यप्रकारही मानावयास तयार नव्हते. कथा, निबंध, नाटक यांपैकी कशातही वसू शकणारी ती एक वृत्ती आहे, असे त्यांचे मत होते. त्यामुळे पोलीस, पुढारी, प्राध्यापक, साधू, सरकारी दप्तर, सगळेच त्यांच्या कक्षेत आले आणि विषय आटण्याची भीती राहिली नाही. वाचक कोणता विषय निघाला आहे हे पाहत नसे. परसाई त्याकडे कसे पाहतात, हे पाहण्यास तो येत असे.

या दृष्टीला उपजीविकेचे रूप दिले ते सदराने. ‘नई दुनिया’त ‘सुनो भई साधो’, ‘नई कहानियाँ’त ‘पाँचवाँ कालम’, हैदराबादच्या ‘कल्पना’त ‘और अंत में’. सदराला ठरलेली जागा असते आणि ठरलेली मुदत असते. स्फूर्ती आली नाही ही सबब तेथे चालत नाही. मुक्त लेखक म्हणवणाऱ्याला हे बंधन जाचक वाटेल, परंतु घरखर्चाची तारीखही ठरलेलीच असते. परसाई अविवाहित राहिले, तरी विधवा बहिणीचे कुटुंब त्यांच्यावर अवलंबून होते.

स्वतःचे मासिक काढण्याचा प्रयोगही त्यांनी केला. 1956 साली ‘वसुधा’ निघाले आणि तोट्यामुळे 1958 मध्ये बंद पडले. त्या अल्प आयुष्यात ‘वसुधा’ने गजानन माधव मुक्तिबोध यांच्या ‘एक साहित्यिक की डायरी’तील लेख छापले, ही त्याची मोठी कमाई होय. मुक्तिबोधांची घरची भाषा मराठी. त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीचे कवी व समीक्षक, आणि गजानन मात्र हिंदीत गेले. शाळा, आकाशवाणी, नागपूरचे ‘नया खून’ साप्ताहिक असा त्यांचा प्रवास झाला. टोपणनावांनी त्यांनी आंतरराष्ट्रीय राजकारणावर लिहिले, आणि पाठ्यपुस्तकही लिहिले. 1962 मध्ये मध्य प्रदेश सरकारने त्यांच्या ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या पाठ्यपुस्तकावर बंदी घातली, कवीच्या मनावर तो आघात झाला. 1964 साली त्यांचे निधन झाले, आणि पहिला काव्यसंग्रह निघाला तो त्यानंतर. त्यांच्या सामर्थ्याविषयी आज वाद नाही. पण ज्या कामात ते सामर्थ्य होते त्याला पैसा नव्हता आणि ज्याला पैसा होता ते काम त्यांचे नव्हते. दोष त्यांच्या निवडीचा म्हणावा, तर कवितेला सदर कोण देणार होते?

परसाईंची निवड फळाला आली, हे खरे. ती स्वस्त मात्र नव्हती. 1973 साली लेखनाचा राग धरून काही लोकांनी घरात शिरून त्यांना मारहाण केली. क्षेत्राचा विचार करताना मानधनाचा हिशेब सगळेच मांडतात, हा हिशेब क्वचितच मांडला जातो. ज्याला कोणाचाच रोष नको आहे त्याने बागकामावर लिहावे. त्यातही कमीपणा नाही.

‘विकलांग श्रद्धा का दौर’ या पुस्तकास 1982 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढे ‘देशबंधु’त ‘पूछिए परसाई से’ हे सदर सुरू झाले. पाय निकामी झाल्याने परसाई तेव्हा बहुतेक काळ खाटेवरच असत. आरंभी वाचकांचे प्रश्न हलकेफुलके, सिनेमाचे असत. हळूहळू ते इतिहास, राजकारण, तत्त्वज्ञान यांविषयी विचारू लागले, आणि परसाई त्यांना खाटेवरून उत्तरे देत राहिले.