पडद्यावरची मुंबई कोणाची?



मुंबईचे चित्र कोणी रंगवावे, हा वाद जुना आहे. पठ्ठे बापूरावांनी लावणीतून या नगरीचे वैभव गायिले. पुढे अण्णा भाऊ साठे यांनी ‘मुंबईची लावणी’ रचून त्या वैभवाच्या पायाशी पिचणारा माणूस दाखविला. आज हे चित्र रंगविण्याची सत्ता मुख्यतः कॅमेऱ्याच्या हाती गेली आहे, आणि पर्यटक कॅमेऱ्याच्या मागोमाग चालतो.

‘सी.आय.डी.’पासून (१९५६) हिंदी चित्रपटाने मरीन ड्राइव्ह ही मुंबईची ओळख देशभर पोचविली. गावाहून प्रथमच येणारा माणूस ती चौपाटी आणि नटांचे बंगले पाहिल्याविना परतत नाही. २००८ साली ‘स्लमडॉग मिलेनियर’ आला, त्याला आठ ऑस्करे मिळाली आणि धारावीचे नाव जगभर झाले. परदेशी पाहुण्यांना धारावी दाखविणाऱ्या सहली त्यापूर्वीच सुरू झाल्या होत्या. चित्रपटाने त्यांना प्रसिद्धी दिली.

म्हणजे पडद्यावर मुंबईची दोन रूपे उरली: एक झगमगाटाचे, दुसरे चिखलाचे. या दोहोंच्या मधली, श्रम करणारी मुंबई कोठे आहे? कुंभारवाड्यातील भट्ट्या, चामड्याचे कारखाने, शहराने टाकलेले प्लॅस्टिक निवडून पुन्हा वापरात आणणारे हात, हीच खरी धारावी होय. तेथे घर आणि कारखाना एकाच छपराखाली असतात.

कलावंतांना सरसकट दोष देणे अन्यायाचे ठरेल. ‘दीवार’चा (१९७५) नायक गोदीत हमाली करीत होता. ‘अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है’मध्ये (१९८०) गिरणी कामगारांचा संप होता. दूरदर्शनच्या ‘नुक्कड’ने (१९८६) नाक्यावरच्या कष्टकऱ्यांची सुखदुःखे घराघरांत नेली. परंतु १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यानंतर गिरण्या एकामागून एक मिटत गेल्या. कामगार गिरणीतून गेला, तसा तो हळूहळू पडद्यावरूनही गेला. ‘लालबाग परळ’सारखा (२०१०) एखादा चित्रपट हा अपवाद. आज लोअर परळला येणारा पर्यटक फिनिक्सच्या जागेवरील मॉल पाहतो. तेथे कापड विणले जात होते, हे त्याला कोणी सांगत नाही.

हा केवळ करमणुकीचा प्रश्न नव्हे. प्रतिमेतून धोरण जन्मते. धारावी म्हणजे निव्वळ घाण, हे एकदा मनावर ठसले की ती पाडणे हे पुण्यकर्म वाटू लागते. २०२२ साली पुनर्विकासाची निविदा अदानी समूहाला मिळाली. १ जानेवारी २००० पूर्वीच्या तळमजल्यावरील रहिवाशांना धारावीतच घर. त्यानंतर आलेल्यांना आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना धारावीबाहेर जागा, अशी योजनेची विभागणी आहे. ज्याचे काम त्याच्या घरातच चालते, त्याला दूर पाठविले तर त्याचा धंदा कोणी उचलून न्यावयाचा? ज्या प्रेक्षकाने तो धंदा कधी पाहिलाच नाही, त्याला हा प्रश्नही पडत नाही.

समाजवाद्यांचा पर्यटनाला विरोध असण्याचे कारण नाही. टॅक्सीवाला, फेरीवाला, हॉटेलातील पोऱ्या यांची चूल त्यावर पेटते. आग्रह एवढाच असावा की ज्यांची वस्ती दाखविली जाते, त्यांना काय दाखवावे हे ठरविण्याचा अधिकार मिळावा आणि मिळकतीत वाटा मिळावा. कार्यकर्त्यांनी याची वाट पाहत बसू नये. लालबाग-परळमध्ये निवृत्त गिरणी कामगार अजून हयात आहेत. त्यांनाच वाटाडे करून तरुणांना गिरणगाव पायी दाखवावे. चाळ, गिरणीचे फाटक, संपाच्या सभांची मैदाने त्यांच्या तोंडून समजून घ्यावीत, ती कथने ध्वनिमुद्रित करावीत. घरासाठी अर्ज करून बसलेल्या कामगारांचा प्रश्नही त्याच वाटेवर तरुणांच्या कानी पडेल. हे काम या पिढीबरोबर राहून गेले, तर पुढे ते करावयास कोणी उरणार नाही.