लेखणीची मजुरी



पैशाचे बोलायला विद्वान माणूस लाजतो. आम्ही कामगार लाजत नाही. आमच्यात दर आधी ठरतो, काम मागाहून.

अमेरिकेतील ‘हफिंग्टन पोस्ट’ या इंटरनेटवरील वृत्तपत्रात हजारो जाणकार फुकट लिहीत. २०११ साली ते ३१.५ कोटी डॉलरना विकले गेले. त्या लिहिणाऱ्यांना दिडकीही मिळाली नाही. ‘नॅशनल रायटर्स युनियन’चे माजी अध्यक्ष जोनाथन टासिनी कोर्टात गेले. २०१२ साली दावा फेटाळला गेला. का? मोबदला मिळणार नाही हे ठाऊक असूनच सर्वांनी लिहिले होते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. कंपनी म्हणाली, “तुमचे नाव होईल,” तर शांतपणे विचारा, “दर काय? आणि तो कागदावर केव्हा?” लेखणी त्यानंतर उचला.