वेगळी बैठक म्हणजे फूट नव्हे

(जबलपूरच्या सदर भागात झालेल्या शाखा-सभेत युनियनच्या सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या सभेपुढे एक सूचना आली आहे. मागासवर्गीय कर्मचाऱ्यांच्या वेगळ्या संघटनेच्या बैठकीला जो सभासद जाईल, त्याला आपल्या शाखेत पदाधिकारी होता येऊ नये, अशी ती सूचना आहे. सूचना मांडणाऱ्यांचा हेतू वाईट नाही. वेगळी चूल मांडली की घर फुटते, ही त्यांची भीती आहे. ती मी समजू शकतो. पण मी या सूचनेला विरोध करण्यासाठी उभा आहे. मी मॅट्रिक झालेला माणूस. पांडित्य सांगणार नाही, रेल्वे आणि टपालाचाच इतिहास सांगणार आहे.

सुरुवात अमेरिकेपासून करतो. आपल्याकडे जशी आर.एम.एस., तशी तिथे धावत्या गाडीत टपाल वर्गवारी करणारी सेवा होती. टपालाचे डबे लाकडी होते तोवर अपघातात जीव जाण्याचा धोका मोठा होता, आणि त्या कामावर कृष्णवर्णीय कारकून चालत होते. पुढे पोलादी डबे आले, काम सुरक्षित झाले, तशी त्यांना बाहेर ढकलण्याची खटपट सुरू झाली. दाद मागायची कुठे? गोऱ्या कारकुनांच्या संघटनेने त्यांना सभासदत्वाचे दारच बंद केले होते. तेव्हा १९१३ साली टेनेसी राज्यातील चॅटानूगा येथे या कारकुनांनी आपली स्वतःची संघटना उभी केली. दहा वर्षांनी तिने टपाल खात्यातील इतर कामगारांनाही आत घेतले. आता सांगा, फूट कोणी पाडली? दार लावून घेणाऱ्याने, की बाहेर उभे राहून दुसरे छप्पर घालणाऱ्याने?

दुसरे उदाहरण रेल्वेचे. पुलमन कंपनीच्या शयनयान डब्यांत प्रवाशांची अंथरुणे घालणारे, बूट पुसणारे पोर्टर बहुतेक सगळे कृष्णवर्णीय. कंपनीच्या मालकाचे नाव जॉर्ज, म्हणून प्रवासी प्रत्येक पोर्टरला ‘जॉर्ज’ म्हणूनच हाक मारीत. गड्याला स्वतःचे नावसुद्धा नाही! महिन्याला चारशे तासांच्या आसपास काम. २५ ऑगस्ट १९२५ रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी आपली युनियन काढली. कंपनीचे खबरे सगळीकडे, म्हणून बैठका चर्चमध्ये आणि घरोघरी होत. बारा वर्षे झगडून १९३७ साली कंपनीशी करार झाला. पगार वाढला आणि कामाचे तास महिन्याला दोनशे चाळीसवर आले.

१९४१ साली रँडॉल्फनी युद्धसामग्रीच्या कारखान्यांतील भेदभावाविरुद्ध राजधानी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याची हाक दिली. या चळवळीत फक्त कृष्णवर्णीयच असतील, असा त्यांचा आग्रह होता. आपली लढाई आपल्याला चालवता येते हा विश्वास आपल्या माणसांत यायला हवा, हे त्याचे कारण. मोर्चा निघण्याआधीच राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना त्या कारखान्यांतील भेदभाव बंद करण्याचा हुकूम काढावा लागला. आणि १९६३ साली वॉशिंग्टनला जो प्रचंड मोर्चा निघाला, त्याचे प्रमुख हेच रँडॉल्फ. त्यात गोऱ्या कामगारांचे पुढारीही सामील होते. आधी आपल्या घरात उभे राहायला शिकले, मग सगळ्यांबरोबर चालले.

आता आपल्या मुलखात या. मुंबईच्या कापडगिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त. पण तिथे अस्पृश्यांना शिरकाव नव्हता. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि दलिताची उष्टी कांडी सवर्ण कामगाराला चालत नसे. ही बंदी घालण्यात मालकाबरोबर कामगाराचाही हात होता. १९२८ च्या गिरणी संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कुठे तो संपाच्या मागण्यांत आला.

आपल्या रेल्वेची कथा वेगळी नाही. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या दलित कामगारांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. मुंबईहून मनमाड, इटारसीमार्गे आपल्या जबलपूरला येणारी जी लाईन, ती याच जी.आय.पी.ची. बाबासाहेबांनी तिथे सांगितले की दलित माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला साधा पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि घरात विटाळ चालत नाही. कामगारांचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे त्यांनी इथेच बजावले. ब्राह्मणशाही म्हणजे एक जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता, बंधुता नाकारणारी वृत्ती, हेही त्यांनी उलगडून सांगितले. तेव्हाही कामगारांत फूट पाडता असा आरोप होताच. त्यांचे म्हणणे सरळ होते: अन्याय झाकून एकी होत नाही, तो काढून टाकल्यावर होते.

पुढे काय झाले ते नीट ऐका. फेब्रुवारीत वेगळी परिषद घेणारे हेच बाबासाहेब त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला, संपाच्या हक्कावर घाला घालणाऱ्या औद्योगिक तंटा विधेयकाविरुद्धच्या एक दिवसाच्या संपात मुंबईत कम्युनिस्ट पुढाऱ्यांच्या बरोबरीने उभे राहिले. वेगळी परिषद घेतली म्हणून ते संपाला आले नाहीत, असे झाले नाही.

कोणी म्हणेल, या जुन्या गोष्टी झाल्या, आता कुठे राहिली जात? मी नोकरीला लागलो तेव्हा एका गँगमध्ये पाण्याचे दोन डबे होते. कोणी लिहून ठेवले नव्हते, पण कुठला डबा कोणाचा हे सगळ्यांना ठाऊक होते. सभेत तो विषय कधीच निघाला नाही. काढणार कोण? ज्याच्याविरुद्ध बोलायचे तोच शेजारी बसलेला, उद्या त्याच्याच बरोबर रुळावर हातोडा मारायचा. आज तसे दोन डबे दिसत नसतील. पण गाड्या आणि फलाट झाडणाऱ्या कंत्राटी कामगारांत कोणत्या जातींची माणसे जास्त आहेत ते बघा. पदोन्नतीची यादी लागली की ‘कोट्यातला’ हा शब्द कसा कुजबुजला जातो ते ऐका. ज्याला तो शब्द लागतो, त्याला आपल्यासारख्याच दहा जणांत बसून ‘मलाही असेच झाले’ हे ऐकायची गरज असते. तिथे त्याला आपले म्हणणे पटवून द्यावे लागत नाही. आपल्या भगिनींनी महिला कर्मचाऱ्यांची वेगळी बैठक मागितली तेव्हा आपण दिली, कारण रात्रपाळीचे काही प्रश्न त्या पुरुषांसमोर बोलत नव्हत्या. तोच न्याय इथे का नाही?

आणखी एक. आपण मराठी माणसे हिंदी मुलखात राहतो. इथे आपली मंडळे आहेत, गणपती आहे, आणि आपल्या फेडरेशनच्या मासिकातसुद्धा मराठी विभाग वेगळा आहे. त्याने युनियन फुटली का? उलट स्वतःच्या भाषेत वाचून माणूस हिंदीच्या सभेत जास्त धिटाईने बोलतो. भाषेचा वेगळेपणा आणि जातीची जखम एक नाही, हे मी जाणतो. पण आपल्याला ज्याची साधी सोय लागते, त्याची दुसऱ्याला जखमेवर मलम म्हणून गरज असेल, तर आपण नाक का मुरडावे?

पगार, बोनस, पेन्शन, खाजगीकरण यांवरच्या वाटाघाटी मान्यताप्राप्त युनियनच करते आणि करीत राहील. वेगळी संघटना ते काम करत नाही. आरक्षण, रोस्टर, छळाच्या तक्रारी हे तिचे विषय. दोघांत तंटा असेल तर तो एवढाच, की हे विषय आपण आजवर आपले मानले की नाही.

म्हणून माझी विनंती आहे की ही सूचना मागे घ्यावी, आणि तिच्या जागी तीन गोष्टींचा ठराव करावा. एक, रोस्टरच्या आणि जातीय छळाच्या तक्रारी युनियनने पी.एन.एम.च्या बैठकीत स्वतःहून मांडाव्यात. दोन, शाखेच्या कार्यकारिणीत सफाई आणि ट्रॅकवरच्या कामगारांना नुसत्या सतरंज्या उचलायला नव्हे, तर निर्णयात जागा असावी. तीन, त्या संघटनेच्या प्रतिनिधींना आपल्या पुढच्या सभेला रीतसर आमंत्रण द्यावे. ज्या दिवशी त्यांना वेगळे बसण्याची गरज उरणार नाही, तो दिवस त्यांनी ठरवायचा आहे. तो लवकर यावा यासाठी काम करणे, एवढेच आपल्या हातात आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!