इंजिनाच्या झाकणास गेलेला तडा

गोव्यात बाजाराच्या नाक्यावर अथवा बसस्थानकाबाहेर पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकली ओळीने उभ्या असलेल्या दिसतात. एका उतारूस मागे बसवून त्याला इच्छित स्थळी पोहोचविणाऱ्या चालकास तेथे ‘पायलट’ म्हणतात. अशा माणसाची गाडी पावसाळ्यात एखाद्या निसरड्या वळणावर आडवी झाली, तर त्याच्या गुडघ्याचे खरचटणे चार दिवसांत भरून येते. पण इंजिनाच्या झाकणास तडा गेला म्हणजे त्या दिवसाची मिळकत बुडते, आणि गाडी चालू होईपर्यंत पुढचीही बुडत राहते. बेळगावच्या आसपासच्या खेड्यांतून शहरात दूध घालणारा गवळी असो, इंदुरास पहाटे वर्तमानपत्रे वाटणारा तरुण असो, की वडोदऱ्यास कारखान्याच्या पाळीवर जाणारा कामगार असो, त्या सर्वांची गत हीच. नवे झाकण घ्यावे तर पैसे पडतात, आणि गाडी जुनी असेल तर ते मिळेलच याचा भरवसा नसतो. म्हणून तडा घरीच बुजविता येईल काय, असा प्रश्न मनात येतो. येईल, पण नेहमी नाही. केव्हा येईल आणि केव्हा नाही, हे ज्याला नीट उमगले त्याने निम्मी दुरुस्ती केली असे म्हणावयास हरकत नाही.

इंजिनाची सर्व झाकणे सारख्या योग्यतेची नसतात, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. साखळीच्या पुढील दातेरी चक्रावर जे लहान झाकण असते, ते केवळ धूळ-चिखलापासून आणि पायजम्याच्या काठापासून रक्षण करते. त्याच्या आत तेल नसते. ते तडकले तर साधा जोडही पुरतो. क्लचवरील झाकणाची गोष्ट निराळी. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक मोटारसायकलींत ते उजव्या अंगास असते व त्याच्या आत क्लच आणि दातेरी चक्रे तेलात फिरत असतात. गाडी उजवीकडे पडली की पायाचा ब्रेक अथवा पायदान मागे वाकते आणि नेमके या झाकणावर आदळते. त्यातून आलेली चीर केसाएवढी बारीक असली तरी तापून पातळ झालेले तेल तीतून वाट काढते. हे तेल वाऱ्याने मागे उडून मागच्या टायरवर बसले, तर पुढच्या वळणावर काय होईल हे सांगावयास नको. मागे बसलेल्या उतारूला तर त्या चिरेची वार्ताही नसते. शिवाय तेल कमी होत गेले आणि ते वेळीच लक्षात आले नाही, तर शे-दोनशे रुपयांच्या कामावर भागणारे प्रकरण सबंध इंजिनावर बेतते.

आता तडा वाढतो का, ते पाहू जाता शिंप्याच्या दुकानातील एक साधी गोष्ट उपयोगी पडते. अखंड कापड हाताने ओढून फाटत नाही. पण शिंपी काठावर कातरीने एक लहानशी खाच देतो आणि मग तेच कापड सरळ रेषेत टर्रकन फाटते. ओढ तीच असते. मात्र ती सगळी त्या खाचेच्या टोकाशी गोळा होते. धातूतही असेच घडते. इंग्लिस या इंग्रज अभियंत्याने १९१३ साली गणिताने दाखविले की, पत्र्यातील छिद्र जितके लांबट व टोकदार, तितका त्याच्या टोकाशी पडणारा ताण अधिक. पुढे १९२१ साली ग्रिफिथ यांनी काचेवर प्रयोग करून चिरा कशा पसरतात, याची उपपत्ती मांडली. ओढलेल्या पत्र्यात गोल छिद्राच्या कडेशी ताण सुमारे तिप्पट होतो. तीक्ष्ण चिरेच्या टोकाशी तो त्याहून कितीतरी अधिक होतो. म्हणूनच जाणता कारागीर तडा बुजविण्यापूर्वी त्याच्या दोन्ही टोकांशी दोन-तीन मिलिमीटरचे गोल भोक पाडतो. अडाण्याला वाटते, फुटलेल्याला आणखी भोक कशाला? पण त्या गोल भोकाने टोकाची तीक्ष्णता नाहीशी होते आणि तड्याची धाव तेथेच थांबते. भोक न पाडता वरून कितीही लेप दिला, तरी इंजिनाच्या थरथरीने तडा लेपाखालून पुढे सरकत राहतो.

परंतु टोक सापडल्याविना भोक कोठे पाडणार? तडा डोळ्यांना दिसतो त्याहून नेहमी थोडा लांब असतो. यासाठी एक जुनी युक्ती आहे. झाकण काढून, स्वच्छ पुसून, त्याच्या एका बाजूस खडूची भुकटी पाण्यात कालवून पातळ लावावी व वाळू द्यावी. दुसऱ्या बाजूने चिरेवर रॉकेल लावावे. थोड्या वेळाने पांढऱ्या खडूवर ओलसर काळपट रेघ उमटते. ती जेथे संपते, तेथवर चीर आरपार गेलेली आहे. भोक त्या रेघेच्या टोकाच्या किंचित पुढे घ्यावे.

झाकण काढण्याची घाई करू नये. प्रथम तेल स्वच्छ भांड्यात काढून घ्यावे. ते गटारात किंवा विहिरीच्या काठी ओतू नये. गॅरेजवाल्याकडे जमा करावे. मग किकचा दांडा व क्लचची तार सोडवून झाकणाचे बोल्ट समोरासमोरचे घेत थोडे थोडे सैल करावेत. हे बोल्ट सर्व एका लांबीचे नसतात. एका पुठ्ठ्यावर झाकणाची आकृती काढून, ज्या जागेचा बोल्ट त्या जागी खोचून ठेवला, म्हणजे बसविताना घोटाळा होत नाही. लांब बोल्ट आखूड जागी घातल्यामुळे चांगली झाकणेही फुटलेली आहेत. झाकण निघत नसेल तर लाकडाच्या ठोकळ्याने हलके ठोकावे. फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नये, कारण त्या जागी पडलेला ओरखडा पुढे आयुष्यभर तेल गाळतो.

यापुढचे काम सफाईचे. घरोघर फिरणारा कल्हईवाला ज्यांनी पाहिला असेल, त्यांना याचे मर्म चटकन कळेल. भांडे तापवून कथील लावण्याआधी तो नवसागराची पूड टाकतो. त्याविना कथील भांड्यावर धरत नाही, थेंब थेंब होऊन घरंगळते. नवसागर तांब्या-पितळेवरील गंज खाऊन धातूचे खरे अंग उघडे करतो आणि त्या उघड्या अंगालाच कथील बिलगते. ॲल्युमिनियमच्या झाकणावर एपॉक्सीचा लेप बसतो तोही याच नियमाने. लेप धातूला चिकटतो, तेलाला चिकटत नाही. घरी केलेल्या बहुतेक जोडांना अपयश येते ते लेप वाईट असल्यामुळे नव्हे, तर खाली राहिलेल्या तेलाच्या पुसट थरामुळे. ओतीव धातूच्या सूक्ष्म छिद्रांत वर्षानुवर्षे तेल मुरलेले असते. ते एकदा पुसून जात नाही. रॉकेलने धुवावे, मग साबणाच्या कढत पाण्याने धुवावे, वाळवावे. थोडे ऊन करावे म्हणजे आतले तेल पाझरून वर येते, ते ॲसिटोनने पुसावे. आणि पांढरे फडके पुसल्यानंतरही पांढरेच राहीपर्यंत हा क्रम चालू ठेवावा. ॲसिटोन झटकन पेट घेते, म्हणून हे काम स्वयंपाकघरात, शेगडीजवळ मुळीच करू नये.

सफाईनंतर कानशीने तड्याच्या दोन्ही काठांना उतार देऊन उथळ चर करावा आणि भोवतालची दोन-अडीच सेंटिमीटर जागा जाड्या पॉलिश पेपरने खरखरीत करावी. ॲल्युमिनियमचा एक स्वभाव येथे विसरू नये. घासून उघडे केलेले त्याचे अंग हवा लागताच पुन्हा ऑक्साइडच्या पातळ पापुद्र्याने झाकले जाते आणि वेळ जाईल तशी त्यावर घाणही बसते. म्हणून आज घासून उद्या लेप देणे व्यर्थ होय. घासावे, पुसावे आणि लगेच लेप द्यावा.

लेप कोणता घ्यावा? दोन भाग एकत्र करून वापरावयाचे एपॉक्सी आता सर्वत्र मिळते. १९४६ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधून ‘ॲराल्डाइट’ या नावाने ते बाजारात आले. तथापि, पाच मिनिटांत कठीण होणारे सर्वसाधारण एपॉक्सी उष्णतेने लवकर मऊ पडते. इंजिनाचे तेल तर शंभर अंशांच्या आसपास तापू शकते. तेव्हा वेष्टनावर किती अंश उष्णता सोसेल हे छापलेले असते ते वाचून, धातूची भुकटी मिसळलेले एपॉक्सी घ्यावे. भुकटीचा आणखी एक लाभ असा की, नुसते एपॉक्सी तापल्यावर ॲल्युमिनियमच्या दुपटीहून अधिक प्रसरण पावते. भुकटीमुळे हा फरक कमी होतो व तापणे-निवणे रोज झाले तरी जोड सुटत नाही. दोन्ही भाग सांगितलेल्या प्रमाणातच घ्यावेत. लवकर आळावे म्हणून एक भाग अधिक घालणे म्हणजे लेप कायमचा कच्चा ठेवणे होय. हातात मोजे असावेत, कारण कच्चे एपॉक्सी वारंवार लागल्यास काहींच्या त्वचेवर पुरळ उठते. लेप प्रथम दाबून चिरेच्या आत भरावा, मग वर पसरावा. आतून लेप देताना त्याची जाडी फिरत्या क्लचला अथवा चक्राला लागणार नाही ना, हे झाकण हलके जागी बसवून पाहावे. घासून निघालेला तुकडा तेलात पडला, तर तो दाते आणि तेलाचा पंप यांच्या मुळावर येतो. त्यानंतर निदान चोवीस तास झाकणाला हात लावू नये. दुरुस्तीचे हे सर्वांत कठीण अंग आहे, कारण येथे कौशल्य नव्हे, संयम लागतो.

जोड आळला म्हणजे त्याची परीक्षा गाडीवर नव्हे, जमिनीवर घ्यावी. झाकण उताणे ठेवून, जोड बुडेल एवढे रॉकेल त्यात ओतावे, खाली वर्तमानपत्राचा कागद अंथरावा आणि रात्रभर तसेच राहू द्यावे. रॉकेल तेलाहून पातळ असल्यामुळे जी वाट तेलाला उद्या सापडेल, ती त्याला आजच सापडते. सकाळी कागद कोरडा असेल तरच पुढे जावे. मग जुन्या गॅस्केटचे अवशेष खरडून, नवे गॅस्केट घालून, बोल्ट पुन्हा समोरासमोरचे घेत हलक्या हाताने आवळावेत. या बारीक बोल्टांना पहिलवानी जोर सोसत नाही. तेल भरून इंजिन दहा मिनिटे जागच्या जागी चालवावे, पुसून पाहावे आणि पहिल्या लहानशा फेरीनंतर पुन्हा पाहावे.

हे सारे नीट केले तरी काही तडे घरच्या दुरुस्तीस योग्य नसतातच. तडा बोल्टच्या भोकातून गेला असेल, इंजिनाला टेकणाऱ्या सपाट कडेला भेदून गेला असेल, किंवा झाकणात एखाद्या दांड्याचा आधार बसविलेला असून त्यापर्यंत पोहोचला असेल, तर तेथे लेपाचा उपयोग नाही. अनेक इंजिनांत झाकणाच्या आतूनच दाबाखालील तेलाची नळी गेलेली असते. तिच्या वाटेवरील चिरेलाही लेप लावू नये. अशा वेळी आर्गॉन वायूच्या आच्छादनात वेल्डिंग करणाऱ्याकडे जावे, किंवा झाकणच बदलावे. घरी गॅसच्या ज्योतीने ॲल्युमिनियम जोडू पाहणे हे धाडस नव्हे, अविचार होय. हा धातू ६६० अंशांना वितळतो, पण त्यावरील ऑक्साइडचा पापुद्रा दोन हजार अंशांपर्यंत वितळत नाही. शिवाय लोखंडाप्रमाणे तो लाल होऊन आधी सूचना देत नाही. दिसता दिसता एकदम ढासळतो. बेळगावच्या उद्यमबागेसारख्या वसाहतींत ओतकामाची परंपरा आहे, तेथील जाणते कारागीरदेखील तेल मुरलेल्या जुन्या झाकणाला जपूनच हात घालतात, आणि वेल्डिंगनंतर त्याची कड काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवून ती वाकली नाही ना, हे पारखून घेतात.

स्वतःच्या हाताने दुरुस्ती करण्यात पैसे वाचतात हे खरे. पण तिचा खरा लाभ असा की, ज्याने झाकण उघडून आतील चक्रे एकदा पाहिली, तो पुढे इंजिनाचा बदललेला आवाज आणि खाली पडलेला एक थेंबही दुर्लक्षित करीत नाही. मात्र जो हात दुरुस्ती करतो, त्यानेच तिची जबाबदारी घ्यावयाची असते. म्हणून जोड दिलेल्या गाडीखाली पुढील आठ दिवस रोज रात्री एक कोरा कागद ठेवावा. एखाद्या सकाळी त्यावर तेलाचा डाग दिसला, तर त्या दिवशी कोणालाही मागे न बसविता गाडी जागीच उभी ठेवावी आणि झाकण पुन्हा उतरवावे.