फ्लॉरेन्समधली छत्री

(मंडळाच्या सभागृहात आम्ही दोघांनी मिळून केलेल्या भाषणाचा मजकूर)



इटलीत राहून आलात, तर तिथलं काहीतरी सांगा, असा कार्यकारिणीचा आग्रह. आम्ही तीन वर्षं फ्लॉरेन्सला होतो. शहराचं वर्णन पुस्तकांत भरपूर आहे, तेव्हा आम्ही सांगतो ते आमच्याकडे आलेल्या एका पाहुणीचं.

पाहुणी म्हणजे आमची जुनी मैत्रीण. माहेर कोल्हापूरचं, सासर इथलंच, बडोद्याचं. आमची मुलगी तिला मावशी म्हणते, म्हणून आम्हीही मावशीच म्हणतो. आठ दिवसांसाठी आली ती मेतकूट आणि लीलो चिवडो घेऊनच. आणि आम्ही? आम्ही तिच्यासाठी वेळापत्रक करून ठेवलेलं. पहिल्या दिवशी मोठ्या चर्चचा घुमट, पायऱ्या ४६३. दुसऱ्या दिवशी उफीत्सी, तिसऱ्या दिवशी डेव्हिड, मग पिसा. साठी उलटलेल्या बाईला ४६३ पायऱ्या! पण तिकिटं वेळेची, पैसे भरलेले. चढली बिचारी.

उफीत्सीत दुसऱ्याच दालनात ती बाकावर बसली. म्हणाली, "तुम्ही बघून या, मी बसते." आम्ही चिडलो. "इतक्या लांब येऊन बाकावर बसायचं?" असं बोलून गेलो. पाहुण्याला असं बोलायचं नसतं, हे इथे कोणाला सांगायला नको. रात्री जेवताना कोणी फारसं बोलेना. तिकडचा पाव बिनमिठाचा असतो, तो चावत मावशी म्हणाली, "मला एकच ठिकाण बघायचंय. राजाराम महाराजांची छत्री."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. तीन वर्षांत आम्ही तिकडे फिरकलोही नव्हतो.

हे राजाराम महाराज म्हणजे जिंजीचे नव्हेत, नंतरचे, कोल्हापूरच्या गादीवरचे. मावशी ज्या राजाराम कॉलेजात शिकली, ते यांच्याच नावाचं. १८७० साली विलायतेहून परत येताना ते फ्लॉरेन्सला आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला वारले. वय वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होतं, पण तिथे प्रेतदहनाची रीत नव्हती. नगरपालिकेनं खास परवानगी दिली, आणि आर्नो व मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर रात्री आपल्या पद्धतीनं दहन झालं. त्या जागी १८७४ साली छत्री उभी राहिली.

जागा काशिने नावाच्या बागेत आहे. "नावातच काशी," मावशी म्हणाली. ट्राम बागेच्या एका टोकाला सोडते, छत्री दुसऱ्या टोकाला, जवळजवळ तीन किलोमीटर. टॅक्सी करू म्हटलं, तर नको म्हणाली. चालत निघालो. झाडी, सायकली, कुत्री फिरवणारे म्हातारे. आम्हीच दोनदा बसलो.

आणि मग ती छत्री. बारीक खांब, वर आपल्याकडचा घुमट, आणि खाली रंगवलेला, अगदी कोवळ्या चेहऱ्याचा अर्धपुतळा. शेजारच्या मोठ्या पुलालाही तिथले लोक इंडियानोचा पूल म्हणतात. हा इंडियानो म्हणजे आपले महाराज.

मावशी हात जोडून बराच वेळ उभी राहिली. मग विचारलं, "संगम कुठे?" कठड्याशी जाऊन पाणी बघत राहिली. तिचा धाकटा भाऊ २०२० साली लंडनला गेला. विमानं बंद होती. इथल्या घरात बसून तिनं सगळं फोनवर पाहिलं, दहा मिनिटांत संपलं. हे आम्हाला ठाऊक होतं, पण वेळापत्रक करताना डोक्यात नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "यांच्याजवळ आपली माणसं तरी होती."

परतताना तिला बोलतं करायला म्हणून आम्ही सांगितलं की छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. नाव ओळखीचं आहे ना? आपल्या लक्ष्मीविलास राजवाड्याचा आराखडाही त्यांचाच. १८८१ साली ते वारले, पुढचं काम चिझम यांनी पुरं केलं. कोल्हापूरचा नवा राजवाडाही मँट यांचाच. "म्हणजे माझं माहेर, सासर आणि हे, सगळं एकाच्याच हातचं," मावशी म्हणाली आणि पिशवीतून चिवड्याचा डबा काढला. बाकावर बसून आम्ही तो संपवला.

त्यानंतर पिसाची तिकिटं वाया घालवली. डेव्हिड तिनं पाहिलाच नाही. उरलेले दिवस ती भाजीबाजारात गेली, दुपारी झोपली, संध्याकाळी भावाच्या लहानपणच्या गोष्टी सांगत बसली. आणखी एकदा छत्रीला गेलो, तेव्हा फुलं नेली.

मावशी आज इथे तिसऱ्या रांगेत बसली आहे. हे सगळं सांगू का, असं तिला आधी विचारलं होतं. म्हणाली, "भावाचं सांगा. बाकाचंही सांगा. पण मी तिथे दमले नव्हते, मला कंटाळा आला होता, हे नीट सांगा."