बाईंचा अर्धा मार्क



साताऱ्यात आपल्या वर्गात बाईंनी < आणि > शिकवलं, तेव्हा सांगितलं होतं, 'तोंड मोठ्याकडे.' खालची आडवी रेघ विसरली की अर्धा मार्क जायचा. अर्ध्या मार्कासाठी मी बाईंशी वाद घातला होता. आज कबुली देतो.

आता मी सांगलीत राहतो. आपल्या जिल्ह्यातलं कोयनेचं पाणी कराडला कृष्णेत मिसळतं आणि आमच्याकडे येतं. आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी, 45 फूट धोका पातळी. 2019 चा पूर 57 फुटांच्या वर गेला. त्यानंतर मी आमच्या इमारतीसाठी जावास्क्रिप्टमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला: पातळी टाकायची, 40 झाली की सगळ्यांना मेसेज.

जुलै 2021. एका नोंदीत पातळी चाळिसाच्या किंचित खाली, पुढच्या नोंदीत किंचित वर. नेमका 40 आकडा आलाच नाही आणि मी अट लिहिली होती 'बरोबर 40'. मेसेज गेला नाही. तळमजल्यावरच्या काकूंचं शिलाई मशीन पाण्यात गेलं. काकू मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

मग >= लिहिलं. 'मोठं किंवा समान'. तीच बाईंची आडवी रेघ!

पुढच्या पावसाळ्यात पातळी जेमतेम 9 फूट आणि मेसेज सगळ्यांना! कारण पातळी आणि मर्यादा दोन्ही मी चौकटीत टाइप करायचो, आणि टाइप केलेलं जावास्क्रिप्टला आकडा नसतो, मजकूर असतो. दोन्हीकडे मजकूर असला की तुलना शब्दकोशासारखी, पहिल्या अक्षरापासून होते. 4 पेक्षा 9 मोठा, म्हणून '40' पेक्षा '9' मोठा! आधी दोन्हींचा आकडा करून घ्यायला हवा होता.

'समान नाही' याचीही तिथं दोन चिन्हं आहेत. आकडा 40 आणि मजकूर '40' यांना != वेगळं मानत नाही, कारण ते आधी मजकुराचा आकडा करतं. !== मात्र वेगळं मानतं, ते प्रकारही बघतं. मी आता दुसरंच वापरतो.

आता दर जूनमध्ये मी 9, 39.9, 40 आणि 40.1 टाकून बघतो. काकू शेजारी बसून मोबाइल बघतात. मेसेज शेवटच्या दोनांनाच यायला हवा.

बाई, तो अर्धा मार्क तुम्ही बरोबर कापला होता.